गेमबॉय ॲडव्हान्स: नवीन स्क्रीन बसवल्यापासून चालता चालता बंद पडतोय, मदत हवी आहे

पारसिकचा_बोगदा

नमस्कार मंडळी. राहतो कळव्याला. हा हातात धरून खेळायचा गेम ताईचा आहे, मामाने २००२ साली सिंगापूरहून आणला होता, जांभळा. ताई लग्न होऊन पुण्याला गेली, गेम माळ्यावर गेला. मागच्या महिन्यात माळा साफ करताना एका बिस्किटांच्या डब्यात सापडला. भाची गणपतीत येणार आहे, तिला तिच्या आईचाच गेम खेळायला द्यायचा असं मनात घेतलं आणि कामाला लागलो.

ज्यांनी वापरलाय त्यांना आठवत असेल, त्या स्क्रीनला आतून लाइट नव्हतीच. ट्यूबलाइटखाली तिरपा धरून बसायचो आम्ही. म्हणून मागून लाइट असलेली आयपीएस स्क्रीन मागवली, जुन्या बॉडीला तडे गेले होते म्हणून बॉडीही मागवली, तशीच जांभळी. दोन रविवार बसून सगळं बसवलं. पंधरा दिवस झकास चालला. आता असं होतंय की चालू केला की हिरवी लाइट लागते, कंपनीचं नाव येतं, गेम सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटांत लाइट लाल होऊन फट्कन बंद. ब्राइटनेस पूर्ण केला तर दोन मिनिटंसुद्धा नाही, लगेच बंद. कधी कधी स्विच एका बाजूला दाबून धरला की चालतो. सेल तीनदा बदलून झाले. स्टेशनजवळ एका रिपेअरवाल्याला दाखवला, त्याने उघडलासुद्धा नाही, "बोर्ड गेलंय, टाकून द्या" म्हणाला.

टाकून तर मी देणार नाही. कुठून सुरुवात करू?

ऐरोली_सेक्टर

सेल कुठले आहेत? साधे अल्कलाइन की चार्जिंगचे?

पारसिकचा_बोगदा

आधी अल्कलाइन, आता चार्जिंगचे निकेलवाले. अल्कलाइनवर तर जास्तच लवकर बंद पडतो, याचंच मला आश्चर्य वाटतंय. त्याच्यावर १.५ लिहिलेलं असतं आणि चार्जिंगच्यावर १.२, मग उलटं व्हायला पाहिजे ना?

ऐरोली_सेक्टर

नाही, असंच होतं. दीड व्होल्ट हा आकडा सेल नुसता पडून असतानाचा. अल्कलाइनमधून जास्त करंट ओढला की तो खाली बसतो, निकेलवाला मात्र १.२ च्या आसपास शेवटपर्यंत तग धरतो. जुन्या स्क्रीनला करंट कमी लागायचा, कंपनी दोन सेलवर १५ तास सांगायची. आता मागे लाइट आली, ओढ वाढली. चार्जिंगचेच ठेवा.

नेरूळ_नाइट्स

फ्यूज बघा फ्यूज. बोर्डावर एफ१ लिहिलेला छोटा पांढरा तुकडा असतो. माझ्या गेमबॉयचा तोच उडाला होता. सरळ वायरचा तुकडा टाकून जोडून टाकला, दोन वर्षं झाली, चालतोय.

जांभळी_नाका

फ्यूज नाही हो. फ्यूज उडाला तर लाइटच लागणार नाही, पूर्ण काळोख. यांचा गेम सुरू होतोय, थोडा वेळ चालतोय, मग मरतोय. म्हणजे वाट बंद नाहीये, वाट अरुंद झालीये.

आणि दादा, ती वायर काढा कृपया, मनापासून सांगतो. फ्यूज हा त्या बोर्डाचा पहारेकरी आहे. उद्या स्क्रीनची रिबन, म्हणजे ती चपटी वायर, कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजऐवजी बोर्डावरच्या पट्ट्या जळतील, आणि आत लिथियमचा सेल टाकलेला असेल तर गोष्ट बोर्डावरच थांबणार नाही. तेवढ्याच रेटिंगचा फ्यूज लॅमिंग्टन रोडला चिल्लर पैशात मिळतो.

नेरूळ_नाइट्स

ठीक आहे, पटलं. या रविवारी बदलतो.

तलावपाळी

माझं सेम टू सेम झालेलं, आयपीएस बसवल्यावर. ९९ टक्के स्विच. वीस-बावीस वर्षांचा स्विच आहे तो, त्याच्या आतल्या पट्ट्यांवर काळा थर बसतो. त्यात आपलं ठाणं, खाडीची हवा, पावसाळ्यात कपाटातले बूट हिरवे होतात तिथे स्विचचं काय होत असेल बघा. तुमचा स्विच एका बाजूला दाबला की चालतो म्हणालात ना, मग तर नक्कीच.

सेल काढा, मागचे वाय आकाराचे स्क्रू आणि सेलच्या कप्प्यातला एक फुलीचा स्क्रू काढून उघडा, स्विचच्या फटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडा आणि पन्नास-साठ वेळा इकडेतिकडे सरकवा. सुकू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. गंज काढायचा तेलकट स्प्रेही नको, तेल आत राहतं आणि धूळ धरतं.

कोपरखैरणे_डेपो

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढी खटपट कशासाठी? आता चार-पाच हजारात चिनी कन्सोल मिळतात, त्यात हे सगळे गेम चालतात, चार्जिंग, स्क्रीन, सगळं आतच. भाचीला तो द्या की.

पारसिकचा_बोगदा

राग नाही, पण या गेमवर ताईने नखाने कोरलेल्या रेघा आहेत, सेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. मी हरलो की ती एक रेघ मारायची, अशा अकरा आहेत. झाकण मी जुनंच ठेवलंय, नव्या बॉडीला घासून बसवलं. ते चिनी कन्सोलमध्ये कुठून आणू?

कोपरखैरणे_डेपो

बास, समजलं. शब्द मागे घेतले. करा दुरुस्त.

सीवूड्स_फलाट

अवांतर: कॅसेट चालली नाही की आपण सगळे तोंडाने फुंकर मारायचो, आठवतंय का? टीव्हीला लावायच्या त्या काळ्या व्हिडिओ गेमपासूनची सवय. माझा भाऊ तर आधी शर्टाच्या आत घासायचा मग फुंकायचा.

तलावपाळी

हो, आणि त्या फुंकरीतल्या ओलाव्याने पिना गंजायच्या. कॅसेट काढून परत घातल्यामुळे चालायची, फुंकरीमुळे नाही. आता कापसाची काडी आणि अल्कोहोल.

टीटीसी_मेंटेनन्स

इथे पहिल्यांदाच लिहितोय. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, आता निवृत्त. गेम खेळलेलो नाही, पण नातवाचा दोनदा दुरुस्त केलाय. तलावपाळी म्हणतात ते बरोबर असेल, पण पारसिक, आधी मल्टीमीटर घे, मग अल्कोहोल. साफ करून चालू झालं तर चालू का झालं ते कळत नाही, आणि महिन्याने परत बंद पडलं की आपण परत तिथेच.

नुसता सेल मोजून उपयोग नाही. बंद यंत्राचं व्होल्टेज नेहमी चांगलंच दिसतं. चालू असताना, लोडवर मोजायचं.

तुझ्या गेममध्ये दोन सेलचे अडीच-तीन व्होल्ट घेऊन ते ३.३ आणि ५ व्होल्टला चढवणारं सर्किट आहे. ह्या चढवणाऱ्या सर्किटाचा स्वभाव असा की त्याला ठरलेली पॉवर लागतेच. आत येणारं व्होल्टेज कमी झालं तर ते सर्किट जास्त करंट ओढतं. आता वाटेत खराब स्विच आहे समज, एक ओहमचा. ३०० मिलिअँपिअरला तिथेच ०.३ व्होल्ट गळाले. व्होल्टेज पडलं म्हणून सर्किटाने आणखी करंट ओढला, म्हणून स्विचमध्ये आणखी गळाले, म्हणून आणखी ओढला. असं घसरत घसरत एका क्षणी सगळं कोसळतं. म्हणून तो हळूहळू मंद न होता फट्कन जातो. लाल लाइट म्हणजे सेल संपलेत असं नाही, बोर्डापर्यंत पुरेसं पोचत नाहीये, एवढाच तिचा अर्थ.

ब्राइटनेस निम्मा ठेव म्हणजे मोजेपर्यंत टिकेल, आणि मला तीन आकडे दे. एक, सेलच्या धातूच्या दोन टोकांवर. दोन, स्विचच्या आधीच्या आणि नंतरच्या पायात, म्हणजे स्विचमध्येच किती गळतं. तीन, स्विचच्या नंतरचा पाय आणि बोर्डाचं ग्राउंड, म्हणजे बोर्डावरची उण्याची जागा. मीटरच्या काड्या घसरू देऊ नकोस, शेजारच्या पायाला टेकली तर शॉर्ट होईल.

जांभळी_नाका

काका, हे एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. खूण साठवली.

घणसोली_ट्रॅक

मध्येच विचारतेय, धागाकर्त्यांची माफी मागून. माझ्याही गेमबॉय ॲडव्हान्सला मॉड केलंय पण सेल काढून आत ६०० मिलिअँपिअर-तासाचा लिथियम आणि सी टाइप चार्जिंगची छोटी पट्टी टाकलीय. जुन्या चार्जरच्या वायरने चार्ज होतो. नवीन फोनच्या चार्जरची जी दोन्हीकडे सी असलेली वायर येते, तिने होतच नाही, चार्जिंगची लाइटही लागत नाही. आणि चार्ज होताना मागून बऱ्यापैकी गरम लागतो.

ऐरोली_सेक्टर

पहिलं उत्तर: तुमच्या पट्टीवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर नाहीयेत. दोन्हीकडे सी असलेल्या वायरमध्ये चार्जर आधी पलीकडे कोणी आहे का ते बघतो, सीसी१ आणि सीसी२ या पिनांवरचे ते रेझिस्टर दिसले तरच ५ व्होल्ट सोडतो. जुन्या चौकोनी यूएसबीला ही भानगड नाही, ती सरळ देते. प्रत्येक पिनेपासून ग्राउंडला एक असे दोन लावा, दोन पिना जोडून एकच लावू नका.

दुसरं गंभीर आहे. पट्टीवरच्या आयसीवर टीपी४०५६ लिहिलंय का?

घणसोली_ट्रॅक

भिंग घेऊन बघितलं. हो, तेच.

ऐरोली_सेक्टर

मग ती पट्टी येतानाच १ अँपिअरला सेट असते, १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो तिच्यावर. तुमचा सेल ६०० चा, म्हणजे त्याच्या ताकदीच्या दीडपटीहून जास्त करंट जातोय. तो रेझिस्टर काढून ३ किलोओहमचा लावा, साधारण ४०० मिलिअँपिअर होईल. तोपर्यंत चार्जिंग बंद ठेवा, हे कळकळीने सांगतोय. आणि सेल हाताला फुगीर लागतोय का बघा. लागला तर दाबू नका, टोचू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या.

जांभळी_नाका

यात भर: त्या पट्टीवर बी प्लस-बी मायनस आणि आउट प्लस-आउट मायनस असे वायर जोडायचे वेगळे डाग असतील तर गेमची वायर आउटवरच हवी. बीवर लावली तर सेल फार उतरल्यावर तोडणारं संरक्षण बायपास होतं. आणि पूर्ण भरलेला लिथियम ४.२ व्होल्टचा असतो, गेम दोन सेलच्या ३ व्होल्टसाठी बनवलाय. मध्ये व्होल्टेज उतरवणारं काही आहे ना?

घणसोली_ट्रॅक

सेल सपाट आहे, हुश्श. वायर आउटवरच आहे. उतरवणारी पट्टी किटमध्येच होती, तपासून खात्री केली. चार्जिंग आजपासून बंद. खूप आभार दोघांचे, मी हे उशीजवळ चार्जिंगला लावून झोपत होते.

पारसिकचा_बोगदा

आलो. काल रात्री जेवण झाल्यावर बसलो, बाबांनी टॉर्च धरला. आकडे असे, ब्राइटनेस निम्मा:

सेलच्या टोकांवर २.५५
स्विचमध्ये गळती ०.२४
स्विचनंतरचा पाय ते ग्राउंड २.१८

म्हणजे स्विचच ना काका? तलावपाळी जिंकले.

तलावपाळी

म्हटलं होतं! आता अल्कोहोल आणा.

टीटीसी_मेंटेनन्स

थांबा. बेरीज करा. २.५५ मधून ०.२४ गेले तर २.३१ राहायला हवेत. मीटर २.१८ दाखवतंय. ०.१३ कुठे गेले?

पारसिकचा_बोगदा

अरे हो. फ्यूजमध्ये?

टीटीसी_मेंटेनन्स

फ्यूजवर, आणि अधिकच्या पत्र्यावरही मोज. पण माझं लक्ष उण्याच्या बाजूला आहे. सगळे अधिकच्या वाटेने चालतात, करंट मात्र परत येतानाही तेवढाच असतो. कारखान्यात निम्मे फॉल्ट मला परतीच्या वाटेवर सापडलेत. मीटरची एक काडी सेलच्या उण्या टोकावर, दुसरी बोर्डाच्या ग्राउंडवर. शून्याच्या जवळ यायला हवं.

सीवूड्स_फलाट

मी गेमबॉय विकून दहा वर्षं झाली तरी हा धागा तासातासाला उघडतोय.

पारसिकचा_बोगदा

काका!! उण्या टोकापासून ग्राउंडपर्यंत ०.१२. फ्यूज आणि अधिकचा पत्रा मिळून ०.०१.

मग भिंग लावून उण्याच्या स्प्रिंगचा पाय बघितला, जिथे तो बोर्डाला सोल्डरचा डाग देऊन बसवलाय. वरून डाग गोल, चकचकीत दिसतो. पण पायाभोवती केसाएवढी बारीक रेघ आहे, पूर्ण गोल, अंगठी घातल्यासारखी. स्प्रिंग बोटाने हलवली की पाय डागाच्या आत हलतो आणि मीटरचा आकडा नाचतो, ०.०८, ०.१५, ०.१२. आणि त्या पायाच्या मुळाशी हिरवट पांढरी भुकटी, कधीतरी जुने सेल आत राहून गळले असणार. मी नवी बॉडी बसवताना स्प्रिंग ताणून बसवली होती, नव्या प्लास्टिकचा खाचा जरा पुढे होता, त्याने डाग तुटत आला असावा. पंधरा दिवस चालून मग बिघडलं ते यामुळेच वाटतं.

टीटीसी_मेंटेनन्स

शाब्बास. दोन आजार होते, स्विच जुना आणि डाग नवा. दोन्हींपैकी एकच असता तर तो कदाचित चालतही राहिला असता. भुकटी अल्कलाइन असते, म्हणून आधी कापसाच्या काडीवर पांढरं व्हिनेगर, फेस यायचा थांबला की अल्कोहोलने पूस, पूर्ण सुकू दे. त्याच डागावर नुसतं सोल्डर ओतू नकोस. जुनं काढून घे, पाय खरवडून चकचकीत कर, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात ते) लाव, मग नवा डाग. पाय जाड आहे, उष्णता पिईल, सोल्डरिंग आयर्न नीट तापू दे. आणि खाचा कानसीने मागे घे म्हणजे स्प्रिंग ताणली जाणार नाही, नाहीतर पुढच्या वर्षी तेच.

नेरूळ_नाइट्स

फ्यूज बदलला, सांगायला आलोय. आणि काकांचं वाचून माझाही उण्याचा मोजला, ०.०१. बरं वाटलं.

तलावपाळी

पारसिक, स्विच मात्र साफ करण्यापेक्षा बदलाच आता, ०.२४ म्हणजे फार झालं. माझा अल्कोहोलने सहा महिने टिकला होता, मग परत सुरू.

पारसिकचा_बोगदा

शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो, दादरला बदलून ग्रँट रोड, भर पावसात. जुना स्विच पिशवीत घालून नेला होता. चौथ्या दुकानात तसाच मिळाला, पायांचं अंतर जुळवून घेतलं. सोबत फ्लक्स आणि बारीक सोल्डर.

जुना स्विच घरी आल्यावर उघडून बघितला, राहवलं नाही. वरच्या पत्र्याचे चार कान उचकटले की झाकण निघतं. आत दोन चिमुकल्या जिभा आहेत, सरकवला की त्या पट्टीवरून घासत जातात. जिथून त्या रोज गेल्या तिथे पट्टीवर एक बारीक पांढरा मार्ग उरलाय, बाकी सगळं काळं, काजळ धरल्यासारखं. त्या मार्गाच्या टोकाला जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं झालेलं. ताईने किती वेळा सरकवला असेल तो.

डाग काकांनी सांगितला तसा दिला, पहिल्यांदा नीट वितळला नाही, काढून परत दिला. खाचा कानसीने दोन मिलिमीटर मागे घेतला. आता आकडे, तोच निम्मा ब्राइटनेस:

सेलच्या टोकांवर २.५७
स्विचमध्ये ०.०२
उण्याच्या बाजूला ०.०१
बोर्डावर २.५३

पूर्ण ब्राइटनेसवर सलग चार तास चालवला. लाल लाइट आलेली नाही.

ऐरोली_सेक्टर

२.५७ उणे ०.०३ म्हणजे २.५४, उरलेला ०.०१ तुमचा फ्यूज आणि पत्रा. हिशोब जुळला.

जांभळी_नाका

अभिनंदन! आणि ज्याने न उघडता बोर्ड गेलं म्हणून सांगितलं, तसं सांगून किती जणांचे चांगले गेम भंगारात गेले असतील, याचा विचार करून वाईट वाटतं.

घणसोली_ट्रॅक

माझंही सांगते, ५.१ चे दोन आणि ३ किलोचा एक, तिन्ही लावले. दोन्हीकडच्या सी वायरने चार्ज होतोय, हाताला कोमटसुद्धा लागत नाही. तरी उशीजवळ ठेवणार नाही आता.

पारसिकचा_बोगदा

काल ताईला व्हिडिओ कॉलवर चालू करून दाखवला. ती पहिलं काय म्हणाली तर "झाकण उघड". उघडून रेघा दाखवल्या. मोजल्या तिने. म्हणाली बारा होत्या, एक तू पुसलीस. काका, तुमच्यामुळे झालं हे, गणपतीत घरी या, पत्ता वेगळा पाठवतो.

टीटीसी_मेंटेनन्स

नक्की येईन, मोदक असतील तर नातवालाही आणतो. गेम ठेवून देताना सेल बाहेर काढून ठेवायचे, हे भाचीलाही शिकव. आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उण्याचा डाग एकदा परत मोज, आकडा इथे लिही.